संगणकाच्या स्मृतीचे कुलूप आणि गुप्ततेचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासकाने संगणकाच्या स्मृतीविषयी लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्याचा खुलासा लेखाच्या ओघात होईलच. येथे एवढेच सांगतो की, या विषयाकडे माझे लक्ष प्रथम वेधले ते एका शब्दामुळे. तो शब्द म्हणजे ‘लॉक’. संगणकाच्या कार्यप्रणालीत स्मृतीचा एखादा भाग ‘लॉक’ करण्याची सोय असते, आणि परवलीचे शब्द व सांकेतिक किल्ल्या यांच्या रक्षणासाठी ती वापरावी असे आज सर्वत्र शिकवले जाते. कुलूप म्हटले की चोरापासून रक्षण, हा अर्थ आपण न विचारताच गृहीत धरतो. परंतु या कुलपाचा इतिहास पाहू लागलो असता असे दिसते की, ते मुळात चोरासाठी बनवलेलेच नव्हते. ते बनवले गेले वेळ पाळण्यासाठी. गुप्ततेच्या कामाला ते मागाहून उसने घेण्यात आले. या उसनवारीचे परिणाम काय झाले, ते प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम ‘स्मृती’ या शब्दाविषयी. चार्ल्स बॅबेज याने एकोणिसाव्या शतकात आपल्या विश्लेषक यंत्राची कल्पना मांडली, तेव्हा अंक ठेवण्याच्या जागेस त्याने ‘स्टोअर’ म्हणजे कोठार म्हटले होते, आणि ब्रिटिश अभियंते पुढे कित्येक वर्षे हाच शब्द वापरीत राहिले. अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन याने १९४५ च्या आपल्या प्रसिद्ध मसुद्यात यंत्राच्या भागांची तुलना मानवी मज्जासंस्थेशी केली आणि ‘मेमरी’ हा शब्द रूढ झाला. मराठीत आपण अमेरिकन शब्दाचे भाषांतर केले. या निवडीची थोडी किंमत आपणांस द्यावी लागली आहे, असे मला वाटते. स्मृती म्हटली की तिच्यासोबत विस्मृतीही येते. माणूस विसरतो, तसे यंत्रही वीज जाताच विसरत असेल, अशी समजूत त्या शब्दातच दडलेली आहे. कोठाराविषयी मात्र असे कोणी समजत नाही. कोठाराचे दार लावले म्हणून आतले धान्य नाहीसे होत नाही.

आणि पहिल्या पिढीतील यंत्रे खरोखरच कोठारे होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली जो संगणक बांधण्यात आला आणि १९६० साली पूर्ण स्वरूपात कामाला लागला, त्याचे उदाहरण घ्यावे. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याची स्मृती २,०४८ शब्दांची होती, प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा; म्हणजे फेराइटच्या ऐंशी हजारांहून अधिक चिमुकल्या कड्या तारांत ओवलेल्या. अशा कडीचे चुंबकत्व एका दिशेस असले तर एक, विरुद्ध दिशेस असले तर शून्य. या रचनेत वाचन केले की कडीतील अंक पुसला जाई, म्हणून यंत्राला तो लगेच पुन्हा लिहावा लागे. पण वाचले नाही, तर मात्र कडी आपला अंक वीज गेल्यावरही धरून राही. रात्री यंत्र बंद केले म्हणून स्मृती रिती होत नसे. त्या काळी गुप्ततेचा प्रश्न यंत्राच्या आत नव्हताच; तो खोलीच्या दाराशी होता. दाराला कुलूप घातले की काम झाले.

ज्या वर्षी टिफ्रॅकला नाव मिळाले, त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली, आणि त्यानंतर एकोणीस दिवसांनी, ७ डिसेंबर १९६२ रोजी, मँचेस्टर विद्यापीठात ‘अ‍ॅटलस’ या यंत्राचे उद्घाटन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. आपल्या वाचकांस तो काळ डोळ्यांपुढे आणता यावा एवढ्यासाठीच हा उल्लेख. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र अ‍ॅटलसचे महत्त्व फार मोठे आहे. टॉम किलबर्न व त्यांचे सहकारी यांच्यापुढील अडचण अशी होती की, फेराइट कड्यांची स्मृती वेगवान पण महाग, तर फिरत्या चुंबकीय ड्रमवरील साठा स्वस्त पण हजारो पटींनी मंद. तोवर कोणती माहिती केव्हा ड्रमवर ठेवावयाची आणि केव्हा परत आणावयाची, हे कार्यक्रम लिहिणाऱ्यानेच ठरवावे लागे, आणि त्याचा बराच वेळ या ने-आणीच्या हिशोबात जाई. किलबर्न यांनी हा हिशोब यंत्राकडे सोपविला. ५१२ शब्दांचे एक ‘पान’ ठरविण्यात आले. कड्यांच्या स्मृतीत १६,३८४ शब्द, म्हणजे अशी ३२ पाने. ड्रमवर ९८,३०४ शब्द. हवे असलेले पान स्मृतीत नसेल तर यंत्र स्वतः ते ड्रमवरून आणी, आणि ज्याची नजीकच्या काळात गरज पडणार नाही असे दुसरे पान ड्रमवर पाठवून जागा मोकळी ठेवी. लिहिणाऱ्यास एकच अखंड, विशाल स्मृती दिसे. म्हणूनच त्यांनी आपल्या १९६२ च्या निबंधात या रचनेस ‘एकपातळी साठा’ असे नाव दिले.

या नावात सर्व काही आले आहे. रचनेचा सारा गुण असा की, आपली माहिती या क्षणी कोठे आहे हे वापरणाऱ्यास ठाऊक नसावे. गुप्ततेची गरज नेमकी याच्या उलट आहे: गुपित या क्षणी कोठे आहे, त्याच्या किती प्रती आहेत, हे अचूक ठाऊक असावे. १९६२ मध्ये हा विरोध कोणास जाणवला नाही, यात आश्चर्य नाही. कड्याही वीज गेल्यावर माहिती राखीत आणि ड्रमही राखी. दोन्ही कोठारेच; मग माहिती एकातून दुसऱ्यात गेली म्हणून बिघडले काय?

अ‍ॅटलसमध्ये ‘लॉक’ हा शब्दही भेटतो, पण वेगळ्या अर्थाने. प्रत्येक पानासाठी असलेल्या पत्तानोंदीत एक ‘लॉक-आउट’ अंक असे. पानाची ने-आण चालू असताना अथवा ते दुसऱ्या कामाचे असताना, कार्यक्रमाने त्यास हात लावू नये म्हणून हा अंक चढविला जाई. मराठीत सांगावयाचे तर तो अडसर होता. बाहेरच्यास आत येऊ न देणारा.

पुढील दीड दशकात दोन बदल झाले, आणि ते जवळजवळ एकमेकांस न विचारता झाले. पहिला, फेराइट कड्या जाऊन त्यांच्या जागी अर्धवाहकांची स्मृती आली. ती सूक्ष्म विद्युत्भाराच्या रूपात अंक ठेवते आणि वीज गेली की तो भार ओसरतो. म्हणजे ‘स्मृती’ या शब्दात दडलेली विस्मृती आता कोठे यंत्रात अवतरली. दुसरा, पानांची पद्धत सर्वसामान्य यंत्रांवर आली. युनिक्स ही कार्यप्रणाली प्रारंभी संपूर्ण कार्यक्रमच उचलून चकतीवर ठेवी आणि दुसरा आणी. या अदलाबदलीस ‘स्वॅप’ म्हणत. १९७९ साली बर्कली येथील विद्यापीठाने व्हॅक्स यंत्रासाठी काढलेल्या आवृत्तीत अदलाबदल पानांपानांनी होऊ लागली. चकतीवरील त्या राखीव जागेचे नाव मात्र ‘स्वॅप’ असेच राहिले. वस्तू बदलली तरी नाव मागे राहते, हे आम्हा भाषाभ्यासकांच्या नित्य परिचयाचे आहे.

हे दोन बदल एकत्र आले, आणि गुप्ततेच्या दृष्टीने एक नवीच दरी उघडली. एका बाजूस विसरणारी स्मृती, दुसऱ्या बाजूस न विसरणारी चकती, आणि या दोहोंमधील सीमा वापरणाऱ्यास दिसू नये अशी मुद्दाम केलेली व्यवस्था. परवलीचा शब्द टंकित करावा, काम झाले की तो विसरला जाईल असे मानावे, आणि दरम्यान स्मृती कमी पडली म्हणून प्रणालीने ते पान चकतीवर लिहून ठेवलेले असावे. तो शब्द तेथे किती काळ राहील, यास काही नियम नाही. त्या जागी दुसरे पान लिहिले जाईपर्यंत तो तेथेच असतो. यंत्र बंद केले, विकले, चकती काढून दुसरीकडे नेली, तरीही.

आता कुलपाकडे येऊ. स्वॅपमुळे ज्यांची खरी अडचण झाली ते गुप्तलेखक नव्हते. ते होते वेळेचे बांधलेले लोक. कारखान्यातील यंत्र चालविणारा कार्यक्रम, मोजमापाचे उपकरण वाचणारा कार्यक्रम, ध्वनी मुद्रित करणारा कार्यक्रम, यांना ठरावीक क्षणी उत्तर द्यावेच लागते. नेमके त्याच क्षणी त्यांचे पान चकतीवर गेलेले असेल तर ते परत येईतो वेळ टळून गेलेली असते. क्षेत्रकार्यात बोलीभाषेचे मुद्रण करताना मध्येच एखादा स्वर तुटलेला ज्यांनी ऐकला असेल, त्यांस या अडचणीची कल्पना सहज येईल. म्हणून युनिक्सच्या ‘सिस्टीम फाइव्ह’ शाखेत ‘पीलॉक’ नावाची सोय आली, आणि पुढे १९९३ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणकात ‘एमलॉक’ व ‘एमलॉकऑल’ या सोयी विहित करण्यात आल्या. हे प्रमाणक कोणत्या विषयाचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे: ते तत्काल-प्रतिसाद प्रणालींचे पुरवणी प्रमाणक होते. या कुलपाचा अर्थ ‘हे पान स्मृतीतून हलवू नये’ एवढाच. अ‍ॅटलसचे ‘लॉक’ बाहेरच्यास आत येऊ देत नव्हते. हे ‘लॉक’ आतल्यास बाहेर जाऊ देत नाही. पहिल्यास अडसर म्हणावे, तर दुसऱ्यास खुंट्याला बांधणे म्हणावे लागेल. गोठ्यातील म्हैस खुंट्याला बांधलेली असली म्हणजे ती कोणास दिसत नाही असे नाही.

नव्वदच्या दशकात सांकेतिक लेखनाची साधने सामान्य माणसाच्या हाती आली. फिल झिमरमन याचे ‘पीजीपी’ १९९१ चे. पुसलेली माहितीही चकतीवरून कशी परत मिळू शकते, याचे विवेचन ऑकलंडच्या पीटर गटमन याने १९९६ च्या निबंधात केले. तेव्हा गुपित चकतीवर जाऊच नये, या विचाराने साधने लिहिणाऱ्यांनी हाताशी असलेली सोय उचलली, ती म्हणजे ‘एमलॉक’. येथे पहिली विसंगती उद्भवली. स्मृती हे सर्वांच्या वाटणीचे धन. कोणीही उठून आपली पाने खुंट्याला बांधू लागला तर इतरांस जागा उरणार नाही. म्हणून हा अधिकार पुष्कळ प्रणालींत केवळ प्रशासकास होता. वेर्नर कॉख यांच्या ‘जीएनयूपीजी’ची पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ साली आली. ज्यांनी ती त्या काळी वापरली असेल त्यांस तो इशारा आठवत असेल: आपण असुरक्षित स्मृती वापरीत आहात. तो टाळावयाचा तर कार्यक्रमास आरंभी प्रशासकाचे सर्वाधिकार द्यावे लागत. चार पाने बांधून झाली की तो ते अधिकार सोडून देई. चार ओळींचे गुपित राखण्यासाठी वाड्याच्या सर्व किल्ल्या क्षणभर हाती द्यावयाच्या, असा तो प्रकार. २००४ साली लिनक्सच्या २.६.९ या आवृत्तीत सामान्य कार्यक्रमासही थोडी पाने बांधण्याची मुभा मिळाली. ही मर्यादा नंतर कित्येक वर्षे ६४ किलोबाइट, म्हणजे नेहमीच्या मापाची सोळा पाने, एवढीच होती. २०२२ च्या प्रारंभी आलेल्या ५.१६ आवृत्तीत ती ८ मेगाबाइट झाली.

दुसरा मार्ग नील्स प्रोव्होस याने २००० साली मांडला, आणि मला तो अधिक सरळ वाटतो. गुपित चकतीवर जाऊ नये असा हट्ट न धरता, जे काही स्वॅपमध्ये जाईल ते सांकेतिक करूनच जावे, अशी व्यवस्था त्याने ओपनबीएसडी या प्रणालीत केली. स्वॅपचे लहान लहान विभाग पाडावयाचे, प्रत्येकास यंत्राने स्वतःच यदृच्छेने निवडलेली किल्ली द्यावयाची, आणि विभागातील पानांची गरज संपली की ती किल्लीच टाकून द्यावयाची. चकतीवरील लेखन मागे राहते, पण ते वाचण्याचे साधन जगात कोठेच उरत नाही. येथे कार्यक्रम लिहिणाऱ्याने काही करावयाचे नसते, आणि कोणते पान गुप्त व कोणते नाही हे ओळखण्याची जबाबदारीही कोणावर पडत नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ती ओळख पटविणे किती कठीण आहे याचा अनुभव मला स्वतःला आला.

आपल्याकडील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत वाचकांस ठाऊक आहे. दलालांची संख्यावाचक सांकेतिक भाषाही असते. काही वर्षांपूर्वी अशा शब्दांची एक यादी मी एका वृद्ध दलालाकडून टिपून घेतली. आपली मुले या धंद्यात आहेत तोवर ती प्रसिद्ध करू नये, अशी त्यांची अट होती, आणि मी तसा शब्द दिला होता. यादी सांकेतिक करून ठेवली. किल्ली बांधलेल्या पानांतच राहत होती. तो इशाराही कधी दिसला नाही. पुढे ते यंत्र मोडीत देण्याची वेळ आली, तेव्हा संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने सुचविले की, स्वॅपचा विभाग एकदा पाहून घ्यावा. त्यात मराठी मजकूर शोधणे दुर्दैवाने फारच सोपे आहे. युनिकोडच्या प्रचलित लेखनपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. पहिला बाइट नेहमी २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. रोमन लिपीतील मजकूर इतर हजारो रोमन शब्दांच्या गर्दीत हरवतो, पण दर तिसऱ्या बाइटाला २२४ असा ठेका धरून चाललेली ओळ दुरूनच दिसते. अर्ध्या तासात दलालांचे एकवीस शब्द त्यांच्या अर्थांसह माझ्यापुढे होते.

चूक कोठे झाली? किल्ली राखणाऱ्या कार्यक्रमाने आपले काम चोख केले होते. परंतु यादी उघडल्यावर ती मी एका साध्या संपादकात वाचीत व दुरुस्त करीत असे, आणि त्या संपादकाने एकही पान बांधलेले नव्हते. बांधावे असे त्याला कोण सांगणार? शिवाय दुपारी मी यंत्र झाकून जात असे. अशा वेळी ते दीर्घनिद्रेत जाई, म्हणजे संपूर्ण स्मृतीची प्रतिमा चकतीवर लिहून वीज बंद करी. लिनक्समध्ये ही प्रतिमाही बहुधा स्वॅपच्याच विभागात लिहिली जाते, त्यामुळे माझी यादी कोणत्या वाटेने गेली हे आता सांगता येत नाही. मात्र ‘एमलॉक’ने बांधलेली पानेही निद्रेच्या वेळी या प्रतिमेत जातातच. वेळ पाळणाऱ्यांना त्याने काहीच बिघडत नाही. झोपलेल्या यंत्रास कोणती वेळ पाळावयाची? कुलूप ज्यासाठी बनवले होते त्या कामी ते पूर्ण विश्वासू राहिले.

अशा आणखीही फटी आहेत. कार्यक्रमाने आपली प्रतिकृती करून दुसरे काम सुरू केले, तर बांधलेपण त्या प्रतिकृतीकडे वारशाने जात नाही. स्टॅनफर्ड येथील जिम चाऊ व सहकाऱ्यांनी २००४ साली एका कृत्रिम यंत्रावर परवलीच्या शब्दाचा प्रवास पावलोपावली तपासला, तेव्हा कळफलकाच्या रांगेत, खिडक्यांच्या व्यवस्थेत, प्रणालीच्या गाभ्यातील तात्पुरत्या साठ्यात त्याच्या प्रती मागे राहिलेल्या आढळल्या. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी विसरणाऱ्या स्मृतीविषयीच्या समजुतीलाही धक्का दिला: स्मृतीचे भाग थंड केले, तर वीज गेल्यावरही त्यांतील मजकूर काही मिनिटे टिकतो, आणि त्यातून चकतीच्या किल्ल्या परत मिळविता येतात. २०१४ च्या ‘हार्टब्लीड’ या दोषात तर स्मृती चकतीवर जाण्याची गरजच पडली नाही; दूरच्या यंत्रास ती थेट जाळ्यावरून वाचता आली.

मला सर्वांत उद्बोधक वाटते ती पुसण्याची कथा. शहाणा लेखक गुपित वापरून झाले की त्या जागी शून्ये लिहावयास सांगतो. परंतु भाषांतर करणारा कार्यक्रम, म्हणजे कंपायलर, पाहतो की या जागेतून पुढे कोणी काही वाचतच नाही; तेव्हा हे लिहिणे निरर्थक आहे असे ठरवून तो ती आज्ञाच गाळून टाकतो. भाषेच्या नियमांनुसार तो चुकत नाही. त्या भाषेत वाक्याचा अर्थ म्हणजे त्याचा पुढील गणनेवरील परिणाम. ‘विसरून जा’ या वाक्याचा तसा परिणाम काहीच नसतो. हे दुखणे ध्यानी आल्यावर गाळता न येणारी पुसण्याची वेगळी आज्ञा निर्माण करावी लागली. ओपनबीएसडीने ती २०१४ साली आणि लिनक्सवरील प्रचलित सी-ग्रंथालयाने २०१७ साली स्वीकारली. विसरणे हे क्रियापद त्या भाषेत तोवर नव्हतेच.

२०२१ साली लिनक्सच्या ५.१४ आवृत्तीत ‘मेमएफडी-सीक्रेट’ नावाची सोय दाखल झाली. तिच्यातील पाने स्वॅपमध्ये जात नाहीतच. शिवाय प्रणालीच्या गाभ्याच्या नेहमीच्या नकाशातूनही ती काढून टाकली जातात, आणि कोणी कार्यक्रम ती वापरीत असेपर्यंत यंत्रास दीर्घनिद्रा घेऊ दिली जात नाही. तिच्या नावात ‘लॉक’ नाही, ‘सीक्रेट’ आहे. अ‍ॅटलसच्या अडसरानंतर एकोणसाठ वर्षांनी ज्या कामासाठी वस्तू हवी होती त्याच कामाचे नाव तिला मिळाले. मात्र ती कार्यक्रमाने मागून घ्यावी लागते, आणि माझा संपादक अजून ती मागत नाही. म्हणून मी नव्या यंत्रावर दीर्घनिद्रा बंद केली आहे, स्वॅप दर वेळी नव्या किल्लीने सांकेतिक होईल असे केले आहे, आणि दलालांची यादी कागदावर उतरवून घरच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे.